वितळलेल्या घड्याळांत वाजले किती?

(चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न, निवृत्त चित्रकला-शिक्षकाची उत्तरं)

प्रश्न : माझ्या मुलीला अकरावीत ‘एका जगप्रसिद्ध चित्राचा अर्थ लिहा’ असा प्रकल्प दिलाय. तिनं स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची वितळलेली घड्याळं निवडली. एका व्हिडिओत म्हणतात, हे आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावरचं चित्र. दुसऱ्यात मनोविश्लेषक फ्रॉइड आणि दबलेल्या इच्छा. तिसऱ्यात ‘वेळ कुणासाठी थांबत नाही’ असा संदेश. तिच्या मामाचं म्हणणं, चीज खाऊन काढलेलं चित्र आहे, अर्थबिर्थ काही नाही. यातलं खरं कोणतं? आणि तिनं लिहायचं काय?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमचा भाऊ बाकी तिघांपेक्षा बरा. निदान त्याच्या म्हणण्याला लेखी आधार आहे. फक्त त्यानं गोष्ट अर्धी ऐकलीय.

चीजची हकिकत दालीनं स्वतःच १९४२ साली छापलेल्या आत्मचरित्रात सांगितलीय. १९३१ मधली रात्र. गाला, म्हणजे त्याची जोडीदार आणि पुढे बायको, मित्रमंडळींबरोबर सिनेमाला गेली. दालीचं डोकं दुखत होतं म्हणून तो मागे राहिला. जेवणाच्या शेवटी कामांबेर नावाचं चीज खाल्लं होतं. आपल्या दुकानात डब्यात मिळतं त्यातलं हे नव्हे. कामांबेर पिकलं की वरची पांढरी साल तशीच राहते आणि आतलं सगळं ओघळायला लागतं. रिकाम्या टेबलापाशी बसून तो त्या मऊपणाचा विचार करत राहिला. झोपण्याआधी हातातल्या चित्रावर एकदा नजर टाकावी म्हणून स्टुडिओत गेला. तिथं एक निसर्गचित्र होतं. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या पोर्त यिगातच्या बाजूचे खडक, संध्याकाळचा उजेड, पुढे फांद्या छाटलेलं, एकही पान नसलेलं ऑलिव्हचं झाड. या देखाव्यात अजून काहीतरी यायला हवं एवढं कळत होतं, काय ते सुचत नव्हतं. दिवा मालवायला गेला आणि त्याला दोन मऊ घड्याळं ‘दिसली’, त्यातलं एक फांदीवर लोंबणारं. डोकं ठणकत असतानाच त्यानं रंग काढले. दोन तासांनी गाला परतली तेव्हा चित्र पुरं झालं होतं. त्यानं तिला विचारलं, तीन वर्षांनी हे तुझ्या लक्षात राहील का? ती म्हणाली, एकदा पाहिल्यावर हे कुणी विसरूच शकत नाही.

आता मामाला एवढंच विचारा, की दिसली दोन, तर चित्रात मऊ घड्याळं तीन कशी? दाली हा स्वतःबद्दलच्या गोष्टी पदरचं मीठमसाला घालून सांगणारा गडी होता. त्याची हकिकत ऐकावी, पण कोर्टात साक्ष म्हणून नेऊ नये. तरी त्या हकिकतीतला एक भाग मला पटतो, आणि मामा नेमका तोच विसरला. चीज नंतर आलं. खडक आधीच रंगवून झाले होते.

मुलीला म्हणावं, व्हिडिओ बंद कर आणि चित्राची चांगली छपाई घेऊन बस. मोठी छपाई नको. मूळ चित्र २४ बाय ३३ सेंटिमीटर आहे. आपल्या एलिमेंटरीच्या परीक्षेत पोरांना मिळणारा क्वार्टर इम्पीरियल कागद याच्याहून मोठा असतो. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं, कारण सगळ्यांनी ते भिंतभर पोस्टरवर पाहिलेलं. माझी लेक जर्सी सिटीला असते. तिच्याकडे गेलो असताना न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते पाहायला मिळालं. पुढे मोबाइल उंचावलेल्यांचा घोळका. लोक आपला फोटो काढून निघून जातात, चित्राकडे पाठ असते. घोळका पांगेपर्यंत मी शेजारच्या भिंतींपाशी रेंगाळलो आणि मग सुरक्षारक्षक हटकणार नाही इतक्या अंतरावर जाऊन उभा राहिलो.

तिथं उभं राहून कळतं की हे चित्र एखाद्या घड्याळजीनं काढावं तसं काढलंय. ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही. डावीकडे तपकिरी चौथरा आहे, टेबल म्हणा हवं तर, त्याची कड पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. त्या कडेवरून एक निळसर घड्याळ खाली ओघळलंय. नीट बघा, ते सगळं ओघळलेलं नाही. अर्धा भाग टेबलावर सपाट पडून आहे आणि कडेपाशी येऊन वळलाय. वळणावर त्याची जाडी दिसते, सोनेरी कडीवरची चकाकी मात्र तुटत नाही. आकडे आणि काटे तबकडीबरोबर वाकलेत. काचेवर एक माशी बसलीय. तिच्या शेजारी एक लहान नारिंगी घड्याळ, झाकण बंद, उपडं, त्यावर काळ्या मुंग्यांचा घोळका. चौथऱ्यातूनच ते वठलेलं झाड उगवलंय आणि त्याच्या एकुलत्या आडव्या फांदीवर दुसरं घड्याळ वाळत घातलेल्या पंचासारखं लोंबतंय. तिसरं मधोमध जमिनीवर पडलेल्या त्या फिकट, मांसल आकारावर खोगिरासारखं टाकलंय. मागे डावीकडे पाण्याच्या कडेला एक निळी सपाट फळी, आणि उजवीकडे वर, सोनेरी उन्हात, समुद्रात घुसलेले कडे.

मी वर्गात पोरांना या चित्राचे दोन रकाने करायला लावायचो. कडक काय काय, मऊ काय काय. मुलीलाही तेच करायला सांगा. मऊच्या रकान्यात तीन घड्याळं आणि तो मधला प्राणी. कडकच्या रकान्यात टेबल, झाड, फळी, कडे. आणि नारिंगी घड्याळ? तिथं पोरांचं भांडण व्हायचं, आणि तेच मला हवं असायचं. चारांपैकी ते एकटंच शाबूत आहे, आणि मुंग्या त्यालाच लागल्यात. दालीच्या चित्रांत मुंग्या नेहमी कुजण्याबरोबर येतात. लहानपणी त्यानं एक जखमी वटवाघूळ जपून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्यावर मुंग्याच मुंग्या, असं त्यानं लिहिलंय. (हेही त्याच आत्मचरित्रात. मघाचा इशारा इथंही लागू.) म्हणजे घड्याळांपुढे दोनच वाटा ठेवल्यात. मऊ होऊन ओघळा, नाहीतर कडक राहून सडा.

मधला तो मांसल आकार म्हणजे काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. कुणी घोडा म्हणतं, कुणी मासा. मान डावीकडे झुकवून बघा. मिटलेला डोळा, लांबलचक पापण्या, खाली नाक. तो दालीचाच चेहरा आहे, आडवा पडलेला. १९२९ च्या एका मोठ्या चित्रात त्यानं हाच चेहरा वापरला होता. ते माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे आणि त्याचं नाव आठवीच्या वर्गात सांगायला मी कायम टाळाटाळ केली. गंमत अशी की हा चेहरा त्यानं आरशात बघून घेतलेला नाही. काप दे क्रेउसच्या किनाऱ्यावर तसा एक खडक आहे, नाक जमिनीला टेकवलेला.

इथं थोडं थांबतो, कारण माझ्या मते चित्राची किल्ली या किनाऱ्यावरच आहे. काप दे क्रेउस हे स्पेनच्या मुख्य भूमीचं पूर्वेकडचं शेवटचं टोक, फ्रान्सच्या सीमेजवळ. दालीचं गाव फिगेरेस, वडील तिथले नोटरी, आणि सुट्टीतलं घर समुद्रकाठी कादाकेसला. उत्तरेकडून त्रामुंताना नावाचा वारा सुटतो तो त्या खडकांना कोरत आलाय. तिथल्या कोळ्यांनी खडकांना नावं ठेवलीत, उंट, गरुड, ऐरण, साधू अशी. होडी पुढे सरकली की उंटाचा उंट राहत नाही, दुसरंच काही दिसायला लागतं. दाली लहानपणापासून हे बघत होता. १९२९ मध्ये बापानं त्याला घराबाहेर काढलं. त्यानं काय केलं, तर दुसरीकडे कुठं न जाता कादाकेसच्याच शेजारी, पोर्त यिगातला, कोळ्याची एक खोपटी विकत घेतली. बापानं दार बंद केलं त्या गावाच्या अगदी लगत. त्यानंतर वर्षाच्या आतबाहेर हे चित्र आलं.

आता चित्राचं नाव घ्या, ‘स्मृतीचा चिवटपणा’. सगळे घड्याळांबद्दल बोलतात, नावात घड्याळ नाही. स्मृती आहे. मग चित्रात चिवट काय राहिलंय? घड्याळं नव्हेत, त्यांचं काय झालं ते दिसतंच आहे. झोपलेल्या माणसाचा चेहराही जमिनीवर पसरलाय, त्याला हाड राहिलेलं नाही. तसूभर न हललेली गोष्ट एकच, ते उन्हातले कडे. तेवढेच उजेडात आहेत, पुढचा सगळा भाग सावलीत. माझं वाचन असं, की हे झोपेत गावाकडे गेलेल्या माणसाचं चित्र आहे. झोपेत किती वाजले, किती वर्षं झाली, आपलं वय काय, काही धड राहत नाही. पण बालपणीचा किनारा दगडन् दगड जसाच्या तसा दिसतो. हे वाचन मी चित्रात बोट ठेवून दाखवू शकतो. दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल तर त्यानंही बोट ठेवून दाखवावं, माझी ना नाही.

आइन्स्टाइनचं बघू. रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या इल्या प्रिगोजिन यांनी दालीला हे सरळ विचारलं होतं. दालीचं उत्तर, सापेक्षतावाद नाही, उन्हात वितळणारं कामांबेर. आता हाच दाली १९३५ साली मऊ घड्याळांना ‘काळाचं आणि अवकाशाचं कामांबेर’ म्हणून मोकळा झाला होता, म्हणजे ‘काळ आणि अवकाश’ हे शब्द त्याच्या कानावर होतेच. भौतिकशास्त्र त्याच्या चित्रात उघडपणे येतं ते हिरोशिमानंतर. १९५२ ते ५४ मध्ये त्यानं हेच चित्र पुन्हा काढलं, विस्कटून. जमिनीचे ठोकळे सुटे झालेत, सगळा देखावा पाण्याखाली, घड्याळांचे तुकडे पडतायत. ते फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या दाली संग्रहालयात आहे. तिथं अणूबद्दल बोला, शोभेल. व्हिडिओवाले त्या चित्राचा अर्थ या चित्रात ओततात.

फ्रॉइड दालीनं झपाटल्यासारखा वाचला होता, त्यामुळे तो व्हिडिओ अगदीच वाया नाही. पण ‘मऊ म्हणजे अमुक, मुंगी म्हणजे तमुक’ अशी शब्दकोशासारखी यादी करून चित्र उलगडत नाही. आणि ‘वेळ कुणासाठी थांबत नाही’? ताई, या चित्रात ती थांबलीय. तेवढं तरी बघायचं होतं.

प्रकल्पात तिनं पहिलं पान फक्त जे दिसतं त्याला द्यावं. मग दोन रकाने. मग स्वतःचं वाचन, आणि दालीच्या दोन हकिकती शेवटी, ‘दाली म्हणतो’ असं लिहून. माहिती म्हणून एवढं जोडावं, की न्यूयॉर्कचा कलाव्यापारी ज्युलियन लेव्ही यानं १९३१ मध्येच हे चित्र अडीचशे डॉलरला घेतलं आणि १९३४ पासून ते म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, देणाऱ्यानं नाव गुप्त ठेवलं. मार्क कमी पडले तर मला कळवा. त्या शिक्षकांशी बोलायला मला आवडेल.

प्रश्न : सर, अतिवास्तववादात मनाला येईल ते काढायचं असतं ना? मग आम्हाला फाउंडेशनला स्थिरचित्र आणि शरीररचना का घोटायला लावतात?
– कला महाविद्यालयातला विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आळस लपवायला चांगली पळवाट शोधलीस. पण प्रश्न निम्मा बरोबर आहे, म्हणून उत्तर देतो.

अतिवास्तववादाच्या, म्हणजे सर्रिअलिझमच्या, १९२४ च्या जाहीरनाम्यात चळवळीचा म्होरक्या आंद्रे ब्रेतोंनं सांगितलं होतं की बुद्धीचा पहारा उठवून मनात जे येतं ते येऊ द्या. आंद्रे मासोंसारखे चित्रकार खरोखरच हात मोकळा सोडून रेषा ओढत गेले. ती एक वाट. याच चळवळीतल्या दालीची वाट उलटी. स्वप्न काढायचं, पण हातानं रंगवलेल्या फोटोइतकं बारीक. त्यासाठी हात तयार लागतो. तो माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत शिकला. १९२६ मध्ये तिथून हाकलला गेला, तेही ‘माझी परीक्षा घ्यायची तुमच्यातल्या कुणाची लायकी नाही’ असं परीक्षकांना सुनावून. हा किस्सा तू मित्रांना सांगशीलच. सोबत हेही सांग की तोवर त्याला ड्रॉइंग येत होतं.

१९३८ च्या जुलैत तो लंडनला म्हाताऱ्या फ्रॉइडला भेटला. ती भेट स्टेफान झ्वाइग या लेखकानं घडवून आणली होती. नंतर फ्रॉइडनं झ्वाइगला पत्रात कळवलं, की या अतिवास्तववादी मंडळींना मी ठार वेडे समजत होतो, पण या स्पॅनिश पोराचे झपाटलेले डोळे आणि नाकारता न येणारं तांत्रिक प्रभुत्व पाहून फेरविचार करावासा वाटतोय. स्वप्नांचा सगळ्यात मोठा जाणकार, आणि त्यालाही थांबवलं ते कसबानं.

एक काम कर. जुनं मनगटी घड्याळ पुढ्यात ठेव आणि ते टेबलाच्या कडेवरून ओघळतंय असं पेन्सिलनं काढ. सहाचा आकडा वळणाच्या खाली जाईल तेव्हा किती आखूड होईल, कडीवरची चकाकी कुठं रुंदावेल, हे न बघता काढता आलं, तर शरीररचनेच्या तासाला बसू नकोस. तुझ्या सरांना मी चिठ्ठी देईन.

प्रश्न : माझे वडील एअर इंडियातून निवृत्त झाले. आमच्या शोकेसमध्ये पांढरी, शिंपल्यासारखी राखदाणी आहे. ते म्हणतात ‘ही दालीनं केलीय’. आई त्यात उदबत्ती लावते. वडील थापा मारतायत का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वडिलांची माफी मागा. तुमच्याकडची वस्तू अस्सल आहे का ते फोटोवरून सांगता येणार नाही, नकलाही असतात. ते एखाद्या चांगल्या लिलावगृहाकडून तपासून घ्या. पण गोष्ट खरी आहे.

१९६७ मध्ये दालीनं एअर इंडियासाठी राखदाणी केली होती. मधे शिंपला, त्याच्या काठानं साप, आणि खाली आधाराला हंस आणि हत्तींची डोकी. हीच राखदाणी उलटी धरली की हंसाचा हत्ती होतो आणि हत्तीचा हंस. त्यानं ही युक्ती तीस वर्षं आधी, १९३७ च्या चित्रात वापरली होती. तळ्यात हंस, मागे वठलेली झाडं, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबात हंसांच्या माना सोंडा होतात, झाडांचे बुंधे पाय होतात. वर नाशिकच्या ताईंना मी होडीतून दिसणाऱ्या खडकांबद्दल लिहिलंय, त्याच शाळेतलं हे शिक्षण. त्या थोड्याच राखदाण्या काढल्या होत्या आणि पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट म्हणून दिल्या. तेव्हा विमानात लोक सिगारेट ओढायचे, हे आजच्या पोरांना वेगळं सांगावं लागतं.

मोबदला म्हणून दालीनं पैसे मागितले नाहीत, हत्तीचं पिल्लू मागितलं. आणि एअर इंडियानं दिलं! ते पिल्लू बंगळूरहून विमानानं जिनिव्हाला गेलं आणि तिथून पुढे ट्रकनं कादाकेसला. मुंबईत मुख्यालयातल्या कुठल्या तरी बाबूला त्या खर्चाची फाइल करावी लागली असेल, तिच्यावर शेरा काय मारला असेल याची मला फार उत्सुकता आहे. तुमच्या वडिलांना माहीत असेल तर जरूर कळवा.

आईसाठी उदबत्तीचं घर दुसरं आणा. राख झटकून, कोरड्या मऊ फडक्यानं पुसून, ती वस्तू शोकेसमध्येच राहू द्या, पण खाली छोटा आरसा ठेवून. मग उलटी करायची गरज पडणार नाही.